सहावीपासून व्यावसायिक शिक्षण: शाळेत हातांनी शिकायचे म्हणजे नेमके काय?

शाळेच्या पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. सहावीपासून व्यावसायिक शिक्षण सुरू होणार म्हणजे आमच्या मुलांना आता गणित-विज्ञानाऐवजी वेल्डिंग शिकवणार का? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला, ज्यात मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे असे म्हटले. आणि 2025 पर्यंत शालेय व उच्च शिक्षणातील किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा काही ना काही अनुभव मिळावा असे उद्दिष्टही ठेवले. त्यानंतर एनसीईआरटीने, म्हणजे शालेय पाठ्यपुस्तके काढणाऱ्या राष्ट्रीय परिषदेने, सहावीसाठी या विषयाचे स्वतंत्र पुस्तक काढले. पुस्तक आले, तासिका आली, पण या तासिकेत मुले काय करणार आणि त्यातून त्यांना काय मिळणार, हे फारसे कोणी समजावून सांगितले नाही. पालकांच्या मनात शंका आहेत त्या यामुळेच, आणि त्या रास्तही आहेत.

आधी शब्द समजून घेऊ

या विषयात तीन-चार गोष्टींची सरमिसळ होते. सहावी ते आठवीत जे अपेक्षित आहे त्याला पूर्वव्यावसायिक शिक्षण म्हणतात. यात कोणताही धंदा पूर्ण शिकवायचा नसतो. वेगवेगळ्या कामांची ओळख व्हावी आणि हात, डोळा व डोके एकत्र चालवण्याची सवय लागावी, एवढाच त्याचा हेतू असतो. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने यासाठी कामांचे तीन गट केले आहेत: झाडे व प्राणी यांच्याशी संबंधित काम, यंत्रे व साहित्य यांच्याशी संबंधित काम, आणि माणसांची सेवा करण्याचे काम. दर वर्षी प्रत्येक गटातील एक, म्हणजे तीन वर्षांत नऊ प्रकल्प मुलांनी करायचे आहेत.

नववीपासून एखादे विशिष्ट क्षेत्र, उदाहरणार्थ वाहनदुरुस्ती, किरकोळ विक्री किंवा शेती, परीक्षेचा विषय म्हणून घेता येते. हे विषय राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात बसवलेले असतात. 2013 साली अधिसूचित झालेला हा आराखडा म्हणजे कौशल्यांच्या पायऱ्यांची देशभर मान्य असलेली एक शिडी आहे. शाळेत मिळवलेले प्रमाणपत्र कोणत्या पायरीचे आहे हे त्यावरून ठरते. आयटीआय ही त्यापुढची आणि वेगळी गोष्ट. तेथे एकच व्यवसाय वर्ष-दोन वर्षे पूर्णवेळ शिकून मुले कारागीर म्हणून बाहेर पडतात. सहावीच्या मुलाला आयटीआयमध्ये घालण्याचा विचार कोठेही नाही, हे आधी स्पष्ट व्हावे.

गाईचे वजन आणि वर्गाचा अर्थ

हातांनी काम करताना डोक्याला काय मिळते, हे एका कामाच्या आधारे पाहू. नववीच्या मुलांना गाईचे वजन काढायचे आहे. गावात गुरांचा वजनकाटा नसतो, पण जंतांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि चारा किती घालायचा हेही वजनावरच ठरते. म्हणून मुले शिंप्याकडची मोजपट्टी घेतात. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजतात, नंतर खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजतात. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 10,840, असे एक सूत्र आहे. मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की उत्तर किलोमध्ये मिळते.

समजा घेर 160 आला आणि लांबी 130 आली. वजन साधारण 307 किलो. आता दुसऱ्या गटाने तीच गाय मोजली आणि पट्टी थोडी सैल धरली. त्यांचा घेर 165 आला. त्यांचे उत्तर 326 किलोच्या पुढे जाते. पट्टीत चूक झाली जेमतेम तीन टक्के, वजनात चूक झाली सहा टक्क्यांहून जास्त. असे का, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात आणि उत्तर सूत्रातच असते: घेराचा वर्ग घेतला आहे, त्यामुळे घेरातली चूक दुपटीने वाढते, लांबीतली चूक मात्र आहे तेवढीच राहते. मग कोणते माप अधिक काळजीने घ्यायचे, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. वर्गाचा धडा त्यांनी आठवीत शिकलेला असतो, परीक्षेत त्यावर गुणही मिळवलेले असतात, पण वर्ग केल्याने प्रत्यक्षात काय होते ते येथे पहिल्यांदा हाताला लागते. शिवाय गाय स्थिर उभी राहत नाही, श्वास घेताना घेर बदलतो, म्हणून तीनदा मोजून सरासरी घ्यावी लागते. विज्ञानाच्या पुस्तकात 'मापनातील त्रुटी' हे शब्द असतात. त्रुटी कशी दिसते ते गोठ्यात कळते.

दुसरे काम टेबलाच्या चौकटीचे. लोखंडी अँगलचे 120 आणि 60 सेंटिमीटरचे तुकडे कापून चौकट जोडायची आहे. चारही बाजू बरोबर असल्या तरी चौकट तिरकी असू शकते, हे मुलांना आधी पटत नाही. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून कोपरा तपासला तरी बारीक चूक त्यात दिसत नाही. मग कर्ण मोजायचे: दोन्ही कर्ण समान हवेत, आणि पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे ते सुमारे 134.2 सेंटिमीटर यायला हवेत. एवढे जुळवून वेल्डिंग केले, तरी धातू निवताना आकसतो आणि कोपरा ओढला जातो. म्हणून अनुभवी वेल्डर आधी समोरासमोरच्या कोपऱ्यांना नुसते टॅक, म्हणजे टिपक्याएवढे तात्पुरते जोड, मारतो, पुन्हा कर्ण मोजतो आणि मगच सांधा भरतो. उष्णतेने प्रसरण, निवल्यावर आकुंचन हे वाक्य मुलांनी सातवीत पाठ केलेले असते.

भाकरीचे पीठ किती मळायचे हे लिहून दिले तरी पहिली भाकरी चिरतेच, कारण पिठाला पाणी पुरेसे झाले हे सांगणारे ज्ञान बोटांत असते आणि ते बोटांतूनच येते. शाळेतील हातांच्या कामाने हे बोटांतले ज्ञान आणि वहीतले ज्ञान एकमेकांना भेटवायचे असते. नुसते काम करून घेतले आणि त्यामागचे 'का' विचारले नाही, तर ती बिनपगारी मजुरी होते. नुसते 'का' सांगितले आणि काम केले नाही, तर तो आणखी एक पाठांतराचा विषय होतो. या लेखात मला जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच आहे.

पाबळमध्ये काय घडले

हे सगळे कागदावरचे स्वप्न वाटू नये म्हणून महाराष्ट्रातलाच एक अनुभव सांगतो. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र. ती संस्था ज्यांनी उभी केली ते जे. पी. नाईक देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि त्याच आयोगाने 1964-66 मध्ये शाळांत 'कार्यानुभव' असावा अशी शिफारस केली होती. अहवालात राहिलेली कल्पना अशी एका माळरानावर उतरली.

कलबागांचे म्हणणे साधे होते. माणूस मुळात करून शिकतो. म्हणून शाळेनेही कामातून शिकवावे, आणि एकच काम न देता अनेक कामे द्यावीत. पाबळमध्ये विकसित झालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम चार भागांचा आहे: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस या कामाला देतात. पाळीपाळीने प्रत्येक मूल प्रत्येक विभागात जाते. फेरोसिमेंटचा, म्हणजे तारेची जाळी घातलेल्या सिमेंटचा, पत्रा ओतणे, घरातले वायरिंग, प्लेन टेबलने जमिनीचे सर्वेक्षण, शोषखड्डा, माती परीक्षण, हिमोग्लोबिनची तपासणी, चिक्की करणे, अशी ही कामे आहेत. राज्य मंडळाने हा पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्य केला आणि पुढे बहुकौशल्य अभ्यासक्रमाच्या रूपाने तो कौशल्य आराखड्यातही आला.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक अट: मुलांनी केलेले काम कोणाच्या तरी खऱ्या उपयोगाला यायला हवे. शाळेचे मोडके बाक दुरुस्त करायचे, एखाद्या शेतकऱ्याच्या मातीचा अहवाल द्यायचा, गावातल्या घराला शोषखड्डा करून द्यायचा. गिऱ्हाईक खरे असले की चूक लपत नाही. वहीत चुकलेले उत्तर लाल शाईने संपते. तिरक्या चौकटीचे टेबल डुगडुगत राहते आणि ते पुन्हा तोडून जोडावे लागते. कामाआधी मुलांना अंदाजपत्रकही करावे लागते: लोखंड किती, वेल्डिंग रॉड किती, वीज किती, मजुरी किती, हत्यारांचा घसारा किती. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत फरक पडला की तो का पडला हे लिहायचे. दहावीपर्यंत शेकडेवारीची गणिते सोडवूनही नफा कसा काढतात हे ज्यांना नीट सांगता येत नाही, अशा मुलांना याचा किती उपयोग होतो हे वेगळे सांगायला नको.

मग आधीचे प्रयत्न का विरले?

हा मार्ग भारताला नवा नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी उत्पादक हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा केला; तीच नई तालीम. स्वातंत्र्यानंतर 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळा सुचवल्या, कोठारी आयोगाने कार्यानुभव सुचवला, 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य आणले. दर वेळी नाव बदलले आणि शाळेतले चित्र फारसे बदलले नाही.

महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येकाला कार्यानुभवाचा तास आठवत असेल. क्रेप कागदाची फुले, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, सत्र संपताना घाईने विकत आणून जमा केलेली एखादी वस्तू आणि सगळ्या वर्गाला सरसकट मिळालेली 'अ' श्रेणी. विषयाला गुणपत्रिकेत वजन नव्हते, त्यासाठी शिकलेला शिक्षक नव्हता, साहित्याला पैसा नव्हता, आणि केलेली वस्तू कोणाला नको होती. शिक्षकांनी हेळसांड केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या कामाला व्यवस्थेने स्वतःच किंमत दिली नाही त्याला त्यांनी एकट्याने ती कोठून द्यावी? आताच्या दहा दप्तरविरहित दिवसांचेही तेच होऊ शकते. दहा दिवस सहल काढली, छायाचित्रे वरिष्ठांना पाठवली आणि विषय संपला, असे झाले तर नवे धोरण जुन्याच वाटेने जाईल.

'दहावीच्या अभ्यासाचा वेळ जाईल'

वेळ जातो, हे खरे आहे. आठवड्यातला एक दिवस ही लहान गोष्ट नाही. पण त्या दिवसात भूमिती, मोजमाप, वीज, रसायने, जीवशास्त्र आणि हिशेब हेच शिकले जात असेल, तर तो वेळ अभ्यासातून वजा धरणे बरोबर नाही. मात्र हे आपोआप होत नाही. चौकटीचे कर्ण मोजताना गणिताच्या शिक्षकांनी तेथे एकदा तरी येऊन प्रमेयाशी धागा जुळवायला हवा. कार्यशाळा आणि वर्ग यांच्यामध्ये भिंत राहिली, तर पालकांची शंका खरी ठरेल.

'आमच्या मुलांनी पुन्हा सुतार-लोहारच व्हायचे का?'

सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे, आणि तो घाईने बाजूला सारता येणार नाही. आपल्याकडे हातांचे काम जातीला चिकटलेले आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या वाट्याला फक्त कष्ट आले आणि ज्यांनी शाळेच्या दारातून त्या कष्टांबाहेर पडण्याचा मार्ग शोधला, त्यांना शाळेतच पुन्हा हातोडा दिसला तर त्यांनी संशय का घेऊ नये?

मद्रास राज्यात 1953 साली हे घडले आहे. मुख्यमंत्री राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) प्राथमिक शाळेची वेळ अर्ध्यावर आणली आणि उरलेल्या वेळेत मुलांनी आईवडिलांचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. पेरियार यांनी आणि द्रविड चळवळीने तिला 'कुलधंद्याचे शिक्षण' म्हणत कडाडून विरोध केला. 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्यानंतर आलेल्या कामराज यांनी ती योजना रद्द केली. तो विरोध योग्यच होता. बापाचा धंदा मुलाने शिकणे याला शिक्षण म्हणता येत नाही. ती परिस्थितीची पुनरावृत्ती असते.

पण याच प्रश्नाची दुसरी बाजू महाराष्ट्राने फार आधी मांडली आहे. 1882 मध्ये ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, आणि त्याच निवेदनात शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे धडे आणि शाळेला जोडून लहान नमुना शेत यांचाही आग्रह धरला. उपयोगी ज्ञान आणि पुस्तकी ज्ञान यांपैकी एक निवडा असे त्यांनी बहुजनांना सांगितले नाही, दोन्ही मागितले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुले राबली ती महाविद्यालयापर्यंत पोहोचण्यासाठी.

म्हणून माझ्या मते येथे तीन अटींवर तडजोड होऊ नये. पहिली, हे काम सर्व शाळांतील सर्व मुलांनी करायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत वेल्डिंग आणि शहरातल्या महागड्या शाळेत फक्त रोबोटिक्स अशी विभागणी झाली की नवी जातव्यवस्था सुरू झालीच म्हणायची. दुसरी, सर्व मुलांनी सर्व प्रकारची कामे करायची. मुलींनी अँगल कापायचे आणि मुलांनी स्वयंपाकघराचा हिशेब सांभाळायचा. तिसरी, पुढच्या शिक्षणाचे एकही दार यामुळे बंद होता कामा नये. जर्मनीच्या व्यावसायिक शिक्षणाचे कौतुक आपण नेहमी ऐकतो, पण तेथील बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात आणि त्यावर तेथेही दीर्घकाळ टीका होत आली आहे. त्यांचे ते अनुकरण आपल्याला नको.

तुलनेचा विषय निघालाच आहे तर एक आकडा पाहू. 19 ते 24 वयोगटातील कामगारांपैकी औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण भारतात 5 टक्क्यांहून कमी, जर्मनीत 75 टक्के आणि दक्षिण कोरियात 96 टक्के असल्याचे राष्ट्रीय धोरणाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे नमूद केले आहे. पण केवळ शाळेत एक विषय वाढवून जर्मनी होता येत नाही. तेथे उमेदवार आठवड्याचे काही दिवस व्यवसायशाळेत आणि बाकीचे कारखान्यात असतो, आणि त्या काळात कारखाना त्याला विद्यावेतन देतो. आपल्याकडे 1961 पासून शिकाऊ उमेदवारी कायदा आहे, तरी ती सवय उद्योगांना अजून पुरेशी लागलेली नाही. शाळेला जे करता येते ते शाळेने करावे. रोजगाराचा सगळा भार तिच्यावर टाकू नये.

शिकवणार कोण?

बी.एड. झालेल्या शिक्षकाला वायरिंग येईलच असे नाही, आणि उत्तम वायरमनला वर्ग सांभाळता येईलच असेही नाही. पाबळच्या पद्धतीत गावातल्याच कुशल माणसांना निदेशक म्हणून घेतले जाते. गावातला फॅब्रिकेटर आठवड्यातून एक दिवस शाळेत येतो, त्याला मानधन मिळते, आणि ज्या माणसाला मुले आतापर्यंत 'वेल्डिंगवाला' म्हणत होती त्याला 'सर' म्हणू लागतात. हा बदल मला फार मोठा वाटतो, कारण श्रमाची प्रतिष्ठा भाषण देऊन शिकवता येत नाही.

शालेय शिक्षणासाठीच्या केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतील व्यावसायिक प्रशिक्षक बहुधा बाहेरच्या संस्थांमार्फत, कंत्राटी पद्धतीने नेमले जातात. पुढच्या वर्षी आपण असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो कार्यशाळा जीव लावून कशी उभी करेल? यंत्रे एकदाच विकत घ्यावी लागतात, माणूस दर महिन्याला सांभाळावा लागतो. आणि आपल्या योजनांत पहिल्यासाठी पैसा सहज निघतो. अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे मुलांनी तंत्रज्ञानाचे प्रयोग करून पाहण्याच्या शाळेतील प्रयोगशाळेसाठी, 2016 पासून शाळांना 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि अशा 10,000 प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, ही चांगली गोष्ट आहे. पण थ्रीडी प्रिंटर बंद पडल्यावर तो उघडून पाहण्याची मुभा आणि धीर असलेला शिक्षक तेथे आहे का, यावर त्या प्रयोगशाळेचे भवितव्य ठरते.

मुलांच्या कामाचे पैसे आणि सुरक्षितता

मुलांनी केलेली वस्तू विकली तर ती बालमजुरी नाही का? मुलांचा माल विकण्याचा प्रश्न 1937 मध्ये वर्ध्यातही आला होता. शाळा आपल्या मालावर चालावी या गांधीजींच्या अपेक्षेवर अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी आक्षेप घेतला होता की असा माल खऱ्या कारागिरांच्या पोटावर येईल. म्हणून मिळकतीवर शाळा चालवण्याचे लक्ष्य ठेवूच नये. साहित्याचा खर्च निघावा, हिशेब मुलांनी ठेवावा, तो फळ्यावर सर्वांना दिसावा, एवढे पुरे. काम शिकून झाल्यावरही तेच ते मुलांकडून करून घेतले जात असेल, तर तेथे शिक्षण संपले असे समजावे. सुरक्षिततेबाबत मात्र मला कोणतीही सवलत मान्य नाही: वेल्डिंग करताना डोळ्यांसमोर काळी काच, हातमोजे, बंद बूट, अर्थिंग आणि एका निदेशकामागे मोजकीच मुले, हे नसेल तर त्या दिवशी काम बंद ठेवावे.

'सगळे यंत्रेच करणार, मग हात कशाला?'

पाबळमध्ये 2002 च्या सुमारास फॅब लॅब सुरू झाली, म्हणजे संगणकावर आराखडा काढून यंत्राकडून वस्तू कापून किंवा घडवून घेण्याची कार्यशाळा. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेर सुरू झालेल्या जगातल्या अगदी पहिल्या अशा कार्यशाळांपैकी ती एक. तेथे हाताचे काम आणि संगणकाचे काम शेजारी-शेजारी चालते. साहित्य किती ताण सहन करते, लाकूड कोणत्या दिशेने फाटते हे ज्याने हाताने अनुभवले आहे, त्यालाच संगणकावरचा आराखडा प्रत्यक्षात उभा राहील की नाही हे कळते.

आपल्या शाळेत काय पाहावे

पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्यांनी कार्यशाळेतली यंत्रे मोजण्यापेक्षा मुलांच्या वह्या मागवाव्यात. त्यांत अंदाजपत्रक आहे का, मोजमापे मुलांच्याच अक्षरात आहेत का, चुकलेल्या कामाची नोंद आहे का आणि ते पुन्हा कसे केले हे लिहिले आहे का, ते पाहावे. या वर्षी कोणाकोणाचे काम करून दिले असे मुलांनाच विचारावे. मुली कोणत्या विभागात दिसतात याकडे लक्ष द्यावे. निदेशकांचे मानधन किती महिन्यांचे थकले आहे, हेही त्याच बैठकीत मुख्याध्यापकांना विचारावे, आणि थकले असेल तर तसा ठराव करून तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा.